लोखंड जुनं, बाकी सगळं नवं

पुढच्या पानांत ज्या अँप्लिफायरांबद्दल लिहिलं आहे ते सगळे व्हॉल्व्हचे आहेत, सगळे साठीच्या आसपासचे किंवा पुढचे आहेत आणि सगळे उघडून पुन्हा बांधलेले आहेत. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळेच ही प्रस्तावना लांबली आहे.

जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आवाज कसा असतो, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळी डोकावणारे शेजारी विचारत, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात गाठ पडणारे अजून विचारतात. या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही, कारण तो आवाज आज कुणालाच ऐकायला मिळत नाही. १९५८ सालचा लीक स्टीरिओ २० तुमच्यासमोर वाजत असेल, तर त्याच्या पोटातले कंडेन्सर गेल्या काही वर्षांतले असतात, रेझिस्टन्स नवे असतात, व्हॉल्व्ह स्लोव्हाकियाचे, रशियाचे नाहीतर चीनचे असतात, आणि वायरींचा रंगसुद्धा मूळचा राहिलेला नसतो. जुना उरतो तो चासीचा पत्रा, त्यावरची नावाची पट्टी आणि ट्रान्सफॉर्मर. तरीही आपण त्याला ‘लीक’च म्हणतो आणि ‘लीकचा आवाज’ असा काही असतो असं धरून चालतो.

तसा तो असतोच. पण त्यातला किती वाटा लंडनच्या कारखान्याचा आणि किती वाटा परवा सोल्डर लावणाऱ्या मिस्त्रीचा, हे सांगितल्याशिवाय त्या आवाजाबद्दल काही लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे. म्हणून या प्रत्येक टिपणाच्या वर आधी काय बदललं ते लिहिलं आहे आणि मग काय ऐकू आलं ते.

थोडा इतिहास सांगायला हवा, पण थोडाच. फ्लेमिंगचा डायोड १९०४ चा, ली द फॉरेस्टने त्यात तिसरा घटक घातला तो १९०६ च्या सुमारास; तिथून पुढची चाळीस वर्षं व्हॉल्व्ह रेडिओ, टेलिफोन आणि युद्ध यांच्या कामी आला. घरी बसून संगीत चांगलं ऐकता यावं या हेतूने विचार झाला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी केटी६६ व्हॉल्व्हवरचा एक आराखडा छापला. ज्याला सोल्डरिंग आयर्न धरता येतं आणि चांगला ट्रान्सफॉर्मर मिळवता येतो, त्याला तो घरी बांधता येत होता, आणि जगभर तो बांधला गेला. गंमत अशी, की ज्या ट्रान्झिस्टरने पुढे व्हॉल्व्हला घराबाहेर काढलं त्याचा शोधही त्याच वर्षाच्या डिसेंबरातला. म्हणजे घरगुती व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या भरभराटीला आणि त्याच्या मृत्युपत्राला एकाच वर्षी सुरुवात झाली.

मधल्या पंधरा-वीस वर्षांत जे झालं ते या पुस्तकाचं भांडवल आहे. पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड टू १९५३ चा: प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र डबा, दोन केटी६६, १५ वॉट. हॅरल्ड लीक यांचा स्टीरिओ २० पाच वर्षांनी आला, कारण स्टीरिओ तबकड्याच तेव्हा बाजारात आल्या. चार ईएल८४, चॅनेलमागे साधारण १० वॉट. डेव्हिड हाफलर यांचा डायनाको स्टीरिओ ७० अमेरिकेतला, १९५९ चा. चार ईएल३४, चॅनेलमागे ३५ वॉट, आणि तो बहुतांश लोकांनी सुट्या भागांची पेटी आणून स्वतः जोडला. तीन लाखांहून अधिक खपला असं सांगतात. मलार्डसारख्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपला माल खपावा म्हणून आराखड्यांच्या पुस्तिका छापत. त्यांतला पाच व्हॉल्व्ह-दहा वॉटचा ‘फाइव्ह-टेन’ आपल्याकडेही पुष्कळांनी बांधला.

हे सगळं दिल्लीत, आणि त्यातही बाबूंच्या वसाहतीत, कसं पोहोचलं?

१९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर निर्बंध आले. पुढची तीसेक वर्षं परदेशी हाय-फाय दुकानातून विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. दोन वाटा उरल्या. एक म्हणजे परदेशी नेमणुकीहून परतणारे अधिकारी ‘ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स’च्या सवलतीत सामान आणत. दुसरी वाट आमच्या घरापासून जवळची. आर. के. पुरम वसलं ते सरकारी नोकरांसाठी. तिथून रिंग रोड ओलांडून मोतीबागेपलीकडे गेलं की चाणक्यपुरीचे दूतावास. तिथले लोक बदली झाली की घरातलं सामान विकून जात. ते दोन-तीन हातांतून फिरत फिरत आमच्यासारख्यांपर्यंत येई, आणि येईपर्यंत बहुधा बंद पडलेलं असे. बंद पडलं म्हणूनच तर परवडायचं. मुंबईत हे काम चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड यांनी केलं. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटने आणि जामा मशिदीच्या आसपासच्या कबाड्यांनी.

देशी बाजूही विसरता येत नाही. बंगळूरच्या जलाहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ च्या सुमारास फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. बीईएलचा शिक्का असलेले ईसीसी८३ आणि ईएल८४ आज जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या खणात सापडतात, आणि ते उत्तम आहेत. परदेशातले शौकीन आता त्यांच्यामागे लागले आहेत. आपल्याला मात्र कित्येक वर्षं मलार्डच्या खोक्याचं अप्रूप. दिल्लीच्याच अहुजांचे व्हॉल्व्हवरचे पीए अँप्लिफायर लग्नमंडपात, गुरुद्वाऱ्यात, रामलीलेत आणि गणेशोत्सवात वर्षानुवर्षं न कुरकुरता चालले. माझ्या ओळखीचे सगळे मिस्त्री अहुजा उघडूनच शिकलेले होते. त्याचा परिणाम पुढे येईल.

आता ‘पुन्हा बांधणं’ म्हणजे काय ते.

साठ वर्षांच्या अँप्लिफायरमध्ये सगळ्यात आधी मरतात ते कंडेन्सर. मोठे इलेक्ट्रोलिटिक आतून सुकतात, मग स्पीकरमधून घुमणारा हम सुरू होतो. कागद आणि मेणाचे छोटे कंडेन्सर गळू लागतात: ज्यांनी फक्त आवाजाची लहर पुढे जाऊ द्यायची आणि डीसी व्होल्टेज अडवायचं ते थोडं थोडं डीसीही सोडू लागतात. पुढच्या व्हॉल्व्हचं बायस त्यामुळे बिघडतं, तो गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, त्याची पत्र्याची आतली भिंत लाल होते आणि तो आपल्याबरोबर कधी कधी ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात; दोन्ही चॅनेलमध्ये सारखे वाढले तर कळत नाही, पण ते कधीच सारखे वाढत नाहीत. क्वाडमध्ये दोन्ही केटी६६ च्या कॅथोडांना मिळून एकच १८० ओहमचा रेझिस्टन्स आहे. तो खूप तापतो. तो न तपासता नवे व्हॉल्व्ह बसवणारा माणूस पैसेवाला तरी असतो किंवा बेफिकीर तरी.

यातलं काहीही बदलायला मन कचरण्याचं कारण नाही. मूळचे भाग जपून ठेवायचे असतील तर डबीत ठेवावेत; चालत्या अँप्लिफायरमध्ये तीनशे ते साडेचारशे व्होल्ट खेळत असतात आणि वीज बंद केल्यावरही काही काळ कंडेन्सरमध्ये साठून राहतात. इथे पुरातत्त्वाचा सोस जिवावर बेतू शकतो.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट मात्र वेगळी. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं खरं अंग. व्हॉल्व्ह जास्त व्होल्टेज आणि कमी करंट देतो, स्पीकरला उलट हवं असतं. मधला दलाल हा. त्याची प्रायमरी आणि सेकंडरी वेटोळी एकाआड एक थरांत गुंडाळलेली असतात, म्हणजे वरचे सूर वाटेत हरवत नाहीत. मंद्राच्या सुरांसाठी लोखंडाचा गाभा मोठा लागतो, वरच्या सुरांसाठी वेटोळ्यांची मांडणी नाजूक लागते, आणि या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. क्वाडने आणखी पुढे जाऊन कॅथोडसाठीही ट्रान्सफॉर्मरवर वेगळं वेटोळं घातलं. हे सगळं करणारे हात फार थोडे होते. एकदा माझ्या एका अँप्लिफायरचा जळालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर एका कारागिराने मोटारीच्या वेटोळ्यासारखा सरळ गुंडाळून दिला: आधी सगळी प्रायमरी, वर सगळी सेकंडरी. तारेची जाडी बरोबर, वेटोळ्यांची संख्याही बरोबर. पण तानपुऱ्याची जवारी गेली ती गेलीच, आणि फीडबॅक जोडला की अँप्लिफायर शिट्टी घालू लागला. पुढच्या पानांत ज्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला आहे असा एकही अँप्लिफायर नाही. तो मूळचा असणं हा या पुस्तकात शिरायचा माझा एकमेव निकष आहे.

दिल्लीची वीज हाही पुनर्बांधणीचाच भाग समजायला हवा. इंग्लिश अँप्लिफायरच्या पाठीवर किती व्होल्टला जोडायचा ते निवडायची सोय असते. ती २२० वर ठेवलेली आणि भिंतीतून २४५ येत असतील, तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी सातच्या घरात व्होल्ट मिळतात आणि त्याचं आयुष्य झपाट्याने आटतं. अमेरिकन अँप्लिफायरची अडचण आणखी आहे. स्टेप-डाउन लावून १२० व्होल्ट दिले तरी तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०. तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यातलं चुंबकीय बळ वीस टक्क्यांनी वाढतं आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. डायनाकोचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळात गरम चालण्याबद्दल प्रसिद्ध. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी त्याला हात लावून पाहण्यासारखा धडा नाही. म्हणून आमच्याकडे ऐकण्याचा मोसम ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात एक तर डेझर्ट कूलरच्या घरघरीत विलंबित ख्यालाचा आरंभ बुडून जातो, आणि दुसरं म्हणजे दोन क्वाड मिळून दीडशेहून अधिक वॉट खोलीत उष्णता म्हणून ओततात. जानेवारीत मात्र याच कारणासाठी घरातली माणसं आपणहून त्यांच्याजवळ येऊन बसतात आणि संगीतप्रेमी म्हणवून घेतात.

खोलीबद्दलही सांगायला हवं. सरकारी क्वार्टरची बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांच्या आसपास, भिंती विटांच्या, जमीन कठीण. बारा फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा आणि दहा फुटांत ५६ च्या आसपासचा आवाज घुमतो. अँप्लिफायर कोणताही लावा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झला येतो, म्हणजे या घुमाऱ्याच्या थोडासा वर. हे आमचं नशीब. स्पीकर फिलिप्सचे जुने आठ इंची ९७१०, कीर्तीनगरच्या सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी पेट्यांत. त्यांना थोडक्या वॉटांत भरपूर वाजायची सवय आहे. हे स्पीकर नसते तर या पुस्तकातली निम्मी मतं वेगळी झाली असती, आणि ही गोष्ट वाचकाने प्रत्येक पानावर लक्षात ठेवावी.

वॉटांच्या बाबतीत लोकांचा फार गोंधळ असतो. लीक १० वॉटचा आणि डायनाको ३५ चा, म्हणून डायनाको साडेतीनपट मोठा वाजेल असं वाटतं. कानाचा हिशेब तसा नसतो. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. दहाचे पस्तीस केले की साडेपाचच्या आत-बाहेर. फरक कळतो, पण साडेतीनपट वगैरे काही नाही.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे. परदेशी समीक्षक पियानो, ड्रम आणि ऑर्केस्ट्रा लावून अँप्लिफायर तपासतात. माझी कसोटी तानपुरा आहे, आणि तिचा अभिमानही आहे. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात एका तारेतून वरच्या स्वरांची रांग उमटत राहते आणि ती सतत हलत असते. अँप्लिफायरचा वरचा भाग रखरखीत असेल तर ती रांग पत्र्यासारखी वाजते. बोथट असेल तर चार तारांची एकच गुणगुण होते. गायक गाऊ लागला की बहुतेक अँप्लिफायर तानपुऱ्याला विसरतात. जो विसरत नाही तो चांगला.

लीक स्टीरिओ २० विसरत नाही. किशोरीताईंच्या भूपात त्या स्वराला हळूच जवळ जातात, स्पर्श करतात आणि मागे येतात, तेव्हा मागच्या तानपुऱ्याची वीण तुटत नाही. मधल्या सप्तकात या अँप्लिफायरची पारदर्शकता मला इतर कुठेही इतक्या सहजपणे मिळालेली नाही. खालच्या बाजूला तो विनयशील आहे: डग्ग्याची थाप ऐकू येते, पोटात लागत नाही. मोठ्या आवाजात झाला सुरू झाला की त्याची दमछाक होते, पण ती कर्कश नसते. आवाज जाड होत जातो, इतकंच. त्याची एक खोड नव्या लोकांना नडते. पूर्ण आवाज द्यायला त्याला १२५ मिलिव्होल्ट पुरतात, कारण तो लीकच्याच प्रीअँप्लिफायरसाठी केलेला होता. आजचा सीडी प्लेयर दोन व्होल्ट देतो, म्हणजे सोळापट. मग व्हॉल्यूमचं बटण आठ वाजण्याच्या जागेवरून जरा हललं की शेजारी दार वाजवतात, आणि लोक म्हणतात लीक भडक वाजतो. दोन रेझिस्टन्सचा साधा अटेन्युएटर मध्ये लावला की हा भडकपणा जातो. नेमक्या याच गोष्टी टिपणात लिहायला हव्यात आणि नेमक्या याच सहसा लिहिल्या जात नाहीत.

क्वाड टू बद्दल माझं मत थोडं गैरसोयीचं आहे. तो सुंदर दिसतो, त्याची बांधणी घड्याळासारखी आहे, आणि तबकडी चांगली असेल तर तो चारचौघांत बसून सभ्यपणे वाजतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज त्याच्यावर विलक्षण जवळ येतो. पण द्रुत लयीत तो मला जरा आळशी वाटतो. तबल्याची किनार मऊ होते. पुष्कळांना हीच मऊ किनार हवी असते, त्यांच्याशी वाद नाही. एक तांत्रिक बाब: क्वाडचा प्रीअँप्लिफायर आपली वीज पॉवर अँप्लिफायरमधूनच घेतो. तो काढून आजचा प्रीअँप्लिफायर लावला की त्याचा बोजा हटतो आणि आतलं व्होल्टेज चढतं. जुना क्वाड नव्या सामग्रीबरोबर वेगळा वाजतो असं जे म्हणतात त्याच्या मुळाशी कधी कधी फक्त हे असतं.

डायनाको हा कामाचा माणूस. मोठा, मोकळा, थोडा ओबडधोबड. भीमसेनजींच्या तानेला लागणारी जागा तो देतो. त्याच्या मूळ सर्किट बोर्डावरचा ७१९९ व्हॉल्व्ह आता दुर्मीळ, म्हणून बहुतेक जण नवं बोर्ड घालतात. मग तो अर्धाच डायनाको राहतो आणि त्याबद्दल मी अर्धंच लिहिलं आहे. बायस लावायची त्याची पद्धत मात्र मला मनापासून आवडते: समोरच्या भोकात मीटर घाला, १.५६ व्होल्ट आले की थांबा. १५.६ ओहमच्या रेझिस्टन्सवर तेवढे व्होल्ट म्हणजे जोडीला १०० मिलिअँपिअर. घरी पेटी उघडून अँप्लिफायर जोडणाऱ्या अमेरिकन बापाला आकडेमोड करावी लागू नये, म्हणून हाफलर यांनी रेझिस्टन्सच तसा निवडला.

आणि मग ते देशी. बीईएलच्या व्हॉल्व्हवर कुणीतरी साठच्या दशकात बांधलेला मलार्डचा फाइव्ह-टेन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यात एका अहुजा-शिक्षित मिस्त्रीने फीडबॅकचा रेझिस्टन्स कापून ठेवला होता. “साहब, अब आवाज खुलेगी,” असं तो म्हणाला असणार. मंडपात हा उपाय खरोखर कामाचा, कारण फीडबॅक काढला की आवाज मोठा होतो. घरी मात्र सगळं सैल आणि फुगीर वाजतं. रेझिस्टन्स परत लावला, कंडेन्सर बदलले, आणि हा निनावी डबा लीकच्या इतका जवळ जाऊन बसला की डोळे मिटून ऐकणारे गोंधळले. त्याचं टिपण मुद्दाम सर्वांत मोठं ठेवलं आहे.

आता ‘व्हॉल्व्हचा गोडवा’. हा शब्दप्रयोग पुढच्या पानांत मी टाळला आहे, त्याची दोन कारणं.

पहिलं तांत्रिक. नेहमी सांगितलं जातं की व्हॉल्व्ह दुसऱ्या हार्मॉनिकची, म्हणजे वरच्या षड्जाची, भर घालतो आणि ती कानाला गोड लागते. एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँप्लिफायरला हे लागू आहे. पण वर सांगितलेले सगळे पुश-पुल आहेत, आणि पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह एकमेकांची सम हार्मॉनिक बऱ्याच अंशी खोडून काढतात. लीक यांनी तर युद्ध संपता संपता ०.१ टक्के विकृतीची जाहिरात करून नाव कमावलं. त्यांच्या आवाजाचं वेगळेपण मला जास्त पटतं ते दुसऱ्या कारणाने. व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त असतो. आठ ओहम लिहिलेला स्पीकर प्रत्यक्षात कुठे सहा ओहमचा तर कुठे चाळीसचा असतो. अँप्लिफायरचा स्वतःचा एक ओहम असला तरी या दोन ठिकाणच्या आवाजात एक डेसिबलहून थोडा अधिक फरक पडतो. म्हणजे स्पीकरचा स्वभाव अँप्लिफायरमधून उमटतो. शिवाय क्षमता संपताना व्हॉल्व्ह हळूहळू हात टेकतो, ट्रान्झिस्टर एकदम. या दोन गोष्टी वगळल्या तर जादू फारशी उरत नाही. १९७८ च्या जुलैमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्येच जेम्स मॉयर यांनी केलेल्या चाचणीचा वृत्तान्त आला: क्वाडचा जुना व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर आणि त्याच कंपनीचे ३०३ आणि ४०५ हे ट्रान्झिस्टरवाले, आवाजाची पातळी नेमकी जुळवून, कोणता वाजतो आहे हे न सांगता. ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. चाचणी क्वाडनेच करवली होती, हे मान्य. पण ज्याने ती वाचली आहे त्याला पातळी न जुळवता दोन अँप्लिफायरांची तुलना करवत नाही. अर्धा डेसिबल मोठं वाजणारं आपल्याला ‘अधिक जिवंत’ वाटतं, हा कानाचा जुना दुबळेपणा. पुढच्या तुलना मीटरने पातळी जुळवून केल्या आहेत.

दुसरं कारण आठवणींचं. माझ्या पिढीने व्हॉल्व्हचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो ठाण्याच्या मर्फीतून किंवा पुण्यात बनलेल्या फिलिप्सच्या रेडिओतून. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली आणि सगळा देश शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन लावून बसला. १९५७ मध्ये विविध भारती आली तोवर कानांना एक वळण लागून गेलं होतं. ‘गीतरामायण’ही १९५५ मध्ये घराघरांत पोहोचलं ते अशाच रेडिओतून. त्या प्रसारणात चार-पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं जवळजवळ काहीच उरत नसे, आणि लाकडी पेटी खालच्या सुरांना आपली भर घालत असे. त्या आवाजावर आपलं प्रेम जडलं. नंतर आपण त्याचं श्रेय व्हॉल्व्हला दिलं. क्वाड किंवा लीक नीट बांधला असेल तर तो तसा अजिबात वाजत नाही. तो स्वच्छ वाजतो, तबकडीची किरकिरसुद्धा प्रामाणिकपणे ऐकवतो. अनेक जण माझ्याकडे येऊन, दहा मिनिटं ऐकून, हिरमुसले होऊन गेले आहेत. त्यांना सुधीर फडके हवे होते, पण मर्फीतले.

तरीही मी हे अँप्लिफायर का ऐकतो, असा प्रश्न वाचकाला पडेल. मला ते आवडतात, हे उत्तर पुरेसं आहे. दुरुस्त करता येतात, हे दुसरं. आजच्या अँप्लिफायरचा एखादी चिप गेली की तो कचरा. लीकचा आराखडा एका पानावर मावतो आणि त्यातला प्रत्येक भाग बोट ठेवून दाखवता येतो. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने व्हॉल्व्हची निर्यात रोखली तेव्हा काही आठवडे जगभर किमती भडकल्या होत्या, पण माझ्यासारख्यांचं फार बिघडलं नाही. बीईएलचा जुना साठा अजून पुरतो आहे.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. ३००बी वरचे एकेरी व्हॉल्व्हचे अँप्लिफायर नाहीत, कारण ते मी परक्या घरांत, परक्या स्पीकरांवर ऐकले आहेत आणि तेवढ्यावर लिहिणं योग्य नाही. जपानी नाहीत. गिटारचे नाहीत, तो वेगळाच धर्म. किमती दिलेल्या नाहीत. आणि कोणता घ्यावा हेही सांगितलेलं नाही, कारण ते तुमच्या स्पीकरवर आणि त्याहून जास्त तुमच्या मिस्त्रीवर ठरेल.

टिपणं ज्या क्रमाने अँप्लिफायर घरात आले त्या क्रमाने नाहीत. आधी ज्यांत कमीत कमी बदललं आहे ते, आणि मग बदल वाढत जातील तसे पुढचे. त्यामुळे पहिला क्वाड, शेवटचा डायनाको, आणि निनावी फाइव्ह-टेन बरोबर मधोमध. प्रत्येक टिपणाखाली तबकडीची मालिका दिली आहे, मोनो असेल तर ईएएलपी, नंतरची स्टीरिओ असेल तर बहुधा ईसीएसडी. कारण डमडमच्या एकाच कारखान्यात दाबलेल्या दोन प्रतीसुद्धा सारख्या वाजत नाहीत, आणि माझ्या मताशी भांडायचं असेल तर निदान तबकडी तीच असावी.